घंटी काढायचे पैसे

तांडापेठ, नागपूर
२१ जानेवारी २०२४

भूपेश,

फोन मी मुद्दाम केला नाही. फोनवर तू "हो आजी, हो आजी" करतो अन तिकडं दुसऱ्याशीच बोलत राहतो. कागद कानाआड करता येत नाही. मले अक्षर येत नाही, म्हणून समोरच्या प्रेमलताबाईले बसवलं आहे. तिनं तीस वर्षं अंगणवाडीत पोट्ट्यांचे वजनं लिहिले, माहं बोलणं लिहायले तिले काय जड. फक्त माह्या बोलण्याले ती पावडर लावते. मी म्हटलं, बाई, जसं तोंडातून पडते तसं ठेव, पोट्ट्याले आजी ओळखू आली पाहिजे.

संक्रांतीले तू आला नाही. ड्यूटी आहे म्हणाला. खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनात तुह्यावाचून वीज होत नाही, असं मी गल्लीत सांगून दिलं. मंग प्रणाली अन जावई रोशनराव तिळगूळ घेऊन आले. तुही बहीण भोळी, तिच्या तोंडून निघून गेलं की भूपेश दर रविवारी अमरावती रोडच्या वाडीले राहते. ट्रकवाल्यांच्या गोदामामागं शेड घेतली आहे म्हणते, तिथं लोकांच्या डिझेल गाड्या आणतो अन त्याईची ताकद वाढवून देतो.

मले एक सांग. गाडी बनवणारे काय झोपेत बनवतात? इतके इंजिनेर बसवले, इतका कारखाना टाकला, अन शेवटचा हात वाडीच्या शेडात भूपेश फिरवणार?

हे तुहं चालू दे. ज्याले हौस आहे तो येईन अन ज्याची गाडी आहे त्याची जाईन. पण रोशनरावच्या गाडीले हात लावू नको. तो मले हसत हसत म्हणाला, "आजी, भूपेश भाऊ माह्या गाडीले घोडा करून देणार आहे." मी हसली नाही. त्याच्या बापानं, बाबनरावनं, काय म्हटलं ते तुले माहीत आहे. इतवारीची साड्यांची गादी सोडून पोरगा पर्यटकांले ताडोबा-पेंच फिरवते, हे त्याले पटलं नाही. दिवाळीपर्यंत गाडी चालवून दाखव म्हणला, नाही जमलं तर गाडी विक अन गादीवर बस. तर ती गाडी म्हणजे तुह्या बहिणीचं घर आहे. घराले घोडा करत नसतात.

तुही आजी
रुख्मिणी

---

खापरखेडा
२९ जानेवारी

आजीस नमस्कार.

पत्र मिळालं. या कॉलनीत पाच वर्षांत मला आलेलं पहिलं पत्र. पोस्टमन बघायला थांबला होता, कोण वारलं म्हणून.

पहिले समजून घे. मी गाडीला पाना लावत नाही. कंपनी एक इंजिन बनवते आणि त्याची अर्धी ताकद कुलपात ठेवून विकते. ते कुलूप गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये असतं. स्टेअरिंगखाली एक सॉकेट असतं, त्यात माझी केबल, केबलला लॅपटॉप. डिझेल किती सोडायचं, टर्बोनं हवा किती दाबायची, हे आकडे मी बदलतो. चाळीस मिनिटांचं काम. इथं महिनाभर मीटर आणि धोक्याच्या घंट्या सांभाळून ठेकेदार जे हातावर टेकवतो, ते तिथं दोन रविवारात निघतं. मी कायम नोकरीत नाही हे तू गल्लीत सांगत नाहीस, पण मला तर माहीत आहे ना.

रोशन भाऊंबद्दल तू उशीर केला. तुझं पत्र निघालं त्याच रविवारी त्यांची गाडी केली. घरचे म्हणून फुकट. सकाळी सात वाजता अमरावती रोडवर काढली, धुकं होतं, हात गारठले होते, आणि गाडी अशी उचलली की कंटेनर मागं पडला ते कळलंच नाही. रोशन भाऊ लहान पोरासारखे हसून राहिले होते. मागून काळा धूर निघाला थोडा. तो लोकांना पाहिजेच असतो. धूर दिसला नाही तर म्हणतात, भाऊ, तू तर काही केलंच नाही.

तुला यातलं समजणार नाही, पण काळजी करू नको.

भूपेश

---

तांडापेठ
६ फेब्रुवारी

भूपेश,

समजणार नाही म्हणतो. बरं. मले काय समजलं ते ऐक, मंग तू सांग किती चुकलं.

धुराचं समजलं. चुलीतून काळा धूर निघाला तर आमच्या वेळी सासू म्हणे, हिले आग लावता येत नाही, लाकूड वाया घालवते. तू तेच काम पैसे घेऊन करतो. न जळलेलं डिझेल मागून सोडतो अन गिऱ्हाईक टाळ्या वाजवते. असे गिऱ्हाईक आम्हाले हातमागावर मिळाले असते तर तुहा आजोबा भैयाजी बंगल्यात मेला असता.

फुकटचंही समजलं. ज्या गाडीवर हात बसवायचा असते ती घरची राहते.

आता जे नाही समजलं ते विचारते. तू गाडी पौषात पाहिली. सकाळी सातले, धुक्यात, दोन माणसं बसवून. रोशनरावचे पाहुणे कवा येतात? वाघ पाहायले लोक उन्हाळ्यात येतात, वाघ पाण्यावर येते म्हणून. सात माणसं, डोक्यावर बॅगा, आत थंडी हवा चालू, बाहेर आपला नागपूरचा वैशाख.

भैयाजी मागावर बसे तेव्हा पौषातला ताणा अन वैशाखातला ताणा एक ठेवत नसे. तोच माग, तेच सूत. पण वैशाखात सूत कोरडं पडे, जरा ओढलं की तटकन तुटे. मंग मागाच्या खड्ड्यात पाणी शिंपडायचं, ताणा सैल करायचा, धोटा हळू मारायचा. चार लुगडी कमी निघत, पण निघत. पौषाचा ताणा घेऊन वैशाखात बसणारा कोष्टी मी पाह्यला नाही. तो तू निघाला.

एवढ्याच गोष्टीचं उत्तर लिही. बाकी कॉम्प्युटर सांगू नको.

रुख्मिणी

(प्रेमलताबाईनं आपल्या मनानं खाली "काळजी घे" लिहिलं होतं. मी वाचून घेतलं अन खोडायले लावलं. रागात आहे मी.)

---

खापरखेडा
१८ फेब्रुवारी

आजीस नमस्कार.

गाडी म्हणजे माग नाही. उन्हाळ्याची सोय कंपनीनं केलेली असते. आत सेन्सर असतात. इंजिन तापलं की कॉम्प्युटर आपोआप डिझेल कमी करतो, समोर दिवा लागतो, घंटी वाजते, आणि गाडी हळू होते.

आता खरं सांगतो, लोकांना तेच आवडत नाही. घाटात, भर ट्रिपमध्ये गाडी बसल्यासारखी होते. म्हणून माझ्या प्रोग्रॅममध्ये तो भाग मी बंद करून देतो. वाडीत हे फक्त मलाच जमतं, बाकीचे नुसते इंटरनेटवरच्या फाइली टाकतात. रोशन भाऊंच्या गाडीतही काढला. आता त्यांची गाडी कधीच मधात बसणार नाही.

झालं तुझं समाधान?

भूपेश

---

(पोस्टकार्ड)

तांडापेठ, २३ फेब्रुवारी

भूपेश, हे उघडं कार्ड आहे, तुमच्या पोस्टमननं वाचलं तरी चालन. खापरखेड्यात तू घंटी सांभाळायचा पगार घेतो. वाडीत घंटी काढायचे पैसे घेतो. पॉवर स्टेशनातली एक घंटी अशी काढून पाहा, साहेब तुले काय देते ते. रोशनरावच्या गाडीत होतं तसं परत लाव, होळीच्या आधी.
रुख्मिणी

---

तांडापेठ
२२ मे

भूपेश,

तीन महिने तू उत्तर दिलं नाही. मी म्हटलं, पोट्ट्यानं लाजून का होईना, काम केलं असंन. माहं चुकलं.

रविवारी दुपारी उमरेडच्या पुढं रोशनरावची गाडी बंद पडली. हैदराबादचे सात पाहुणे ताडोब्याले नेऊन राहिला होता. प्रणाली म्हणते आधी कुठली घंटी नाही, दिवा नाही, काही नाही. मागून धूर निघाला, असा की मागचे दुचाकीवाले हात दाखवून राहिले, अन मंग खाडकन आवाज. एका बाभळीखाली ते सात जण दोन तास उभे. त्यातली एक म्हातारी माह्या वयाची होती म्हणते. तिनं काय काय म्हटलं असंन ते मले तेलुगू येत नसूनही समजते.

उमरेडच्या मिस्त्रीनं पाहून सांगितलं, पिस्टन वितळला. लोखंड का काय ते वितळते हे मले पहिल्यांदा समजलं. तुह्या हाताले यश आहे.

बाबनराव काय म्हणते ऐक. पोराले गाडी चालवता येत नाही, बापाच्या जिवावर पळवली अन फुकून टाकली. दिवाळी कायची, आता पाहा म्हणते गादी. अन रोशनराव मान खाली घालून ऐकते. तोही तेच समजते. प्रणालीले म्हणला, मी भर उन्हात थांबलो नाही, पाहुण्याईच्या सफारीची वेळ जाईन म्हणून ओढत नेली, माहीच चूक.

आता ही गोष्ट सांग. प्रणाली डोळे पुसून म्हणते, भूपेश किती चांगला आहे, सोमवारी सकाळीच आला, अर्धा तास बंद गाडीत लॅपटॉप घेऊन बसला, घामाघूम झाला बिचारा. मी तिले काही म्हटलं नाही. तुले विचारते. इंजिन तर मेलं होतं. मेलेल्याजवळ बसून तू अर्धा तास काय लिहून राहिला होता?

रुख्मिणी

---

खापरखेडा
२६ मे

आजी,

हे पत्र प्रेमलताबाईनं वाचलं तर वाचू दे, पण दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नको.

मी कंपनीचा मूळ प्रोग्रॅम परत टाकला. गाडी वॉरंटीत आहे. आता ती नागपूरच्या शोरूममध्ये उभी आहे. त्यांना आत सगळं कंपनीसारखं दिसलं तर नवीन इंजिन फुकट बसेल. महिनाभरात गाडी रस्त्यावर. पण कोणी छेडछाड केली हे समजलं तर कंपनी हात वर करते.

आता तू सांग, मी खरं बोललो तर नुकसान कोणाचं? रोशन भाऊंचंच ना. ते सरळ माणूस आहेत, शोरूममध्ये कोणी विचारलं तर ते सांगून मोकळे होतील. ताकद वाढवणं त्यांना छेडछाड वाटतच नाही; म्हणून घंटी काढल्याचं त्यांना माहीत नसणं त्यांच्याच फायद्याचं आहे. मी रात्रंदिवस हाच विचार करून राहिलो. तू गप्प राहा, एवढीच विनंती. इंजिन बसलं की सगळं ठीक होईल.

होळीच्या आधी लावणार होतो. खरंच. पण त्या रविवारी तीन गाड्या आल्या होत्या.

भूपेश

---

तांडापेठ
३१ मे

भूपेश,

पत्र दोनदा वाचून घेतलं. प्रेमलता म्हणते पोरगा म्हणते ते खोटं नाही. तिले मी म्हटलं, तू नुसतं लिही, आता पुढचं सांगते.

खोटं नाही हेच तर वाईट आहे. तू असा चोर आहे की ज्याच्याजवळ कारण आहे. अन कारण कसं, दुसऱ्याच्या फायद्याचं. स्वतःच्या लाजेवर तू रोशनरावचं नाव घातलं.

इतवारीले जाऊन पाह्यलं असतं तर तुले दिसलं असतं. मी प्रणालीकडून ऐकते. आपला जावई गादीवर बसून घड्या घालून राहिला आहे. बाबनराव येणाऱ्या प्रत्येक बाईले सांगते, हा आमचा ड्रायव्हर. बाया हसतात. रोशनरावही हसते, अन त्याची घडी वाकडी पडते. त्याले आता गाडी मिळाली तरी तो चालवणार नाही म्हणते. म्हणते, माह्या हातात गाडीची जाण नाही, सात जीव होते. इंजिन कंपनी फुकट देईन. ही जाण कोणती कंपनी देते ते मले लिहून कळव.

तुले आपल्या घरची एक रीत सांगते. तुह्या जन्माआधी घरातले माग निघाले म्हणून तुले माहीत नाही. लुगडं विणताना कुठं तार तुटून खोट राहिली, तर भैयाजी त्या जागेवर काठाले लाल धागा बांधे. व्यापाऱ्यानं शोधायच्या आधी आपण दाखवायचं. व्यापारी कोण, तर या बाबनरावचाच बाप. तो धागा पाहे, भाव पाडे, दोन शब्द बोले, पण माल घेतल्यावर कधी परत आणला नाही.

एका सालात मले जास्त अक्कल आली. तुहा बाप तवा जन्मला नव्हता, मी नवीच सून. एका लुगड्याचा धागा मी काढून टाकला. खोट दोन बोटाची, पदराच्या आत, कोण पाहते. भाव पूरा आला. संध्याकाळी मी हौशीनं भैयाजीले सांगितलं. तो जेवला नाही. सकाळी पायी इतवारीले गेला, गठ्ठ्यातून ते लुगडं शोधलं, अन धागा बांधून आला. भावातले पैसे परत देऊन आला. मले एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मी विसरली असती.

मी रोशनरावले सांगणार नाही. माह्या तोंडानं गेलं तर तू म्हणशील आजीनं केलं. तू जा. बापासमोर, गिऱ्हाइकासमोर, जिथं त्याची मान खाली गेली तिथंच.

रुख्मिणी

---

खापरखेडा
१० जून

आजी,

गेलो होतो. शनिवारी, दुपारी.

शोरूमनं गुरुवारीच नाही म्हटलं होतं. गाडीचा कॉम्प्युटर मोजून ठेवते म्हणे, प्रोग्रॅम किती वेळा बदलला ते. मले हे माहीत नव्हतं. वाडीत मी सगळ्यात हुशार होतो. म्हणजे लपवायचं काही उरलं नव्हतं तेव्हा गेलो, हे तूच म्हणशील, म्हणून आधी मीच लिहून टाकतो.

दुकानात चार बाया होत्या, एक नवरी मुलगी होती. बाबनराव काका शालू उलगडून दाखवून राहिले होते. मी म्हटलं, काका, गाडी रोशन भाऊनं नाही जाळली. इंजिन तापल्यावर जी घंटी वाजते ती मी काढून टाकली होती. त्याईले समजणारच कसं. ते थांबले असते, त्याईले थांबायचं मीच ठेवलं नाही. एवढंच पाठ करून गेलो होतो, तेवढंच बोललो. त्या नवरी मुलीची माय म्हणाली, अगं बाई.

काकानं शालूची घडी घातली, सावकाश. मंग रोशन भाऊकडं पाहून म्हणाले, "इतके दिवस मले सांगितलं काहून नाही?" रोशन भाऊ म्हणाले, "मले तरी कुठं माहीत होतं." काकानं शालू बाजूले ठेवला. रोशन भाऊले म्हणाले, "दिवाळीची गोष्ट मी सोडली. गाडी कवा सुधारते तवा सुधारू दे, चालवायची तर तूच चालव." अन नवरीच्या मायले विचारलं, हिरवा दाखवू का.

महाल भागात गोविंदा मिस्त्रीच्या गॅरेजात गाडी आणली आहे. लॅपटॉप अन केबल विकली, त्यात इंजिनचं अर्धं सामान येते, बाकीचं मी भरून देईन. आता दर रविवारी मीच काम करणार; काल पहिला दिवस, गोविंदा नुसता पाहत होता अन शिव्या देत होता. वाडीच्या बाकी गिऱ्हाइकाईले फोन करून राहिलो, या, फुकटात परत लावून देतो. त्यासाठी एकाचा लॅपटॉप मागून आणला. अकरातले चार येतो म्हणाले. बाकीचे म्हणतात, काहून, चांगली तर पळते.

रोशन भाऊ दुकानाबाहेर आले होते. त्याईनं मले मारलं नाही, शिवीही दिली नाही. एकच विचारलं, "घरात अजून कोणाले माहीत होतं?"

मी म्हटलं, आजीले. तुही फेब्रुवारीची चिठ्ठी, ते कार्ड, सगळं सांगितलं. मले वाटलं त्याईले बरं वाटन, की कोणीतरी त्याईच्या बाजूनं भांडून राहिलं होतं. पण त्याईचा चेहरा अजूनच उतरला. माहं काही चुकलं का?

भूपेश

---

तांडापेठ
१६ जून

भूपेश,

रोशनरावले माहं नाव सांगितलं ते बरोबर केलं. यंदाच्या सालातलं तुहं ते पहिलं सरळ काम, तेही गुरुवारच्या मागून शनिवारी. बाकीच्या सात गाड्याईच्या मागं लागून राहा, हसतीन तरी.

रोशनराव शुक्रवारी आला होता. एकटाच. पोहे ठेवले, त्यानं ताटलीले हात लावला नाही. खुर्चीच्या काठावर बसला. मी आपली तयारीत होती, तुह्या नावानं चार शिव्या हासडायच्या, त्याचं मन मोकळं करायचं. त्यानं मले तोंडच उघडू दिलं नाही.

म्हणला, "आजी, तुम्ही फेब्रुवारीत कार्ड टाकलं. खापरखेडा इथून किती लांब. इतवारी तर पायी वीस मिनिटं आहे. तुम्ही माह्याकडं काहून नाही आले?"

मी ताटली त्याच्याकडं सरकवली. प्रेमलता साक्षीले आहे, तिले विचार, तुही आजी कवा गप्प बसली होती का.  मंग तो पाया पडला अन गेला. पाया पडला हे जास्त लागलं.

तो गेल्यावर उत्तर सुचलं, ते तुले सांगते. नातू माहा होता अन गाडी जावयाची होती. तुही इज्जत इतवारीत जाईन, म्हणून मी सगळा राग पाकिटात घालून खापरखेड्याले धाडत राहिली. त्याच्या दारात जाऊन एवढंच म्हणायचं होतं, रोशनराव, गाडी शोरूमले दाखवून घ्या. सात शब्दही लागले नसते.

अन दुसरं त्याहून वाईट आहे. मले गोडी लागली होती. तुले पत्र सांगून झालं की प्रेमलता ते मले वाचून दाखवे अन आम्ही दोघी पोट धरून हसत असू. ते घंटीचं वाक्य तर मी तिले तीनदा वाचायले लावलं. कार्ड टाकलं अन वाटलं, झालं माहं काम. तिकडं तो पोरगा रोज पाहुणे घेऊन त्या गाडीत बसत होता. तू धुरावर खूश होतो, मी बोलण्यावर खूश होती. तुले मी चोर म्हटलं तेव्हा आपलाही हिशेब करायले पाहिजे होता, तो केला नाही.

येत्या रविवारी गॅरेजात जाऊ नको, इकडं ये. सकाळीच ये, ऊन चढायच्या आत. आपण दोघं इतवारीले जाऊ. दुकान बंद राहते, सगळे घरीच असतीन. बाबनराव मले बसा म्हणन, मी बसणार नाही. आधी मी बोलीन. तू मधात तोंड घालू नको, माहं झाल्यावर तुले वाटलं तर बोल. माफी मागायची मले सवय नाही, त्यात तू पाहत राहशील, पण राहा उभा. पाहून घे.

रिक्षा करू नको. वीस मिनिटांचा रस्ता आहे, माह्या गुडघ्यानं पाऊण तास लागन. तू पुढं पळू नको.

रुख्मिणी